पूर्वपरीक्षा हुकल्यावर अभ्यासाला हातच लागत नाही, घडी परत कशी बसवायची?

कोरी_वही (धागाकर्ती)

राज्यसेवेची पूर्व थोडक्यात हुकली. पुण्यातली खोली सोडून सध्या तालुक्याच्या गावी, घरी आहे. पुस्तकांचं खोकं अजून चिकटपट्टीसकट तसंच आहे. रोज रात्री नवं वेळापत्रक तयार होतं: पहाटे ५ ला उठणे, योगासनं, दोन तास वर्तमानपत्र, मग इतिहास, मग गणित. सकाळी जाग येते साडेआठला, आणि "आजचा दिवस गेलाच, आता उद्यापासून" असं होतं. बाकी दिवस मोबाइल, टेलिग्रामवरची कट-ऑफची चर्चा आणि घरकाम यात संपतो.

उमेद वाढवणारे व्हिडिओ कृपया सुचवू नका, तेच बघण्यात दिवस जातात. नेमकं विचारायचंय ते असं. सुरुवात कशाने आणि किती करायची? एक दिवस चुकला की अख्खा आठवडा वाहून जातो, त्याचं काय करायचं? आणि घरी सलग वेळ मिळत नाही (पाहुणे, स्वयंपाक, "जरा हे बघ गं"), तर त्यात सवय बसते का? घरचे पाठीशी आहेत, पण "मग काय ठरलं?" रोज विचारतात.

---

खडूफळा

तुम्ही याला आळस समजताय, पण ही टाळाटाळ आहे, आणि टाळाटाळीची एक ठरलेली चाल असते. पुस्तक हातात घेतलं की निकाल आठवतो, पोटात गोळा येतो. पुस्तक बाजूला ठेवलं की तो लगेच विरघळतो. ही सुटका हेच मेंदूला मिळालेलं बक्षीस. दर वेळी पुस्तक टाळलं की टाळणं थोडं अजून पक्कं होतं. म्हणून "मन लागलं की बसेन" याची वाट बघून उपयोग नाही. आधी बसणं, मग मन, हाच क्रम. नैराश्यावरच्या उपचारांतही हा क्रम वापरतात: मनःस्थिती सुधारायची वाट न बघता ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी कृती करायची.

कृती इतकी छोटी हवी की गोळा यायच्या आत ती संपते. १० मिनिटं, टेबलाशी, पेन हातात. याहून जास्त नाही.

काय करायचं तेही आदल्या रात्री ठरलेलं हवं. सकाळी "आज काय वाचू?" हा प्रश्न पडला तर १० मिनिटं त्यातच जातात. मागच्या वर्षांच्या पूर्वच्या प्रश्नपत्रिकेतले ५ प्रश्न घ्या. सोडवा, उत्तरं तपासा, जे चुकलं ते एका ओळीत वहीत लिहा. झालं. वर्तमानपत्र आणि व्हिडिओ या १० मिनिटांत चालणार नाहीत. दोन्हींना शेवट नसतो, त्यामुळे काम पूर्ण झाल्याची भावना कधीच येत नाही. सध्या तुम्हाला तीच भावना हवी आहे.

आणि ते खोकं. त्यातून एकच पुस्तक काढा. सगळं उघडून कपाट लावत बसू नका. कपाट लावणं, नोट्सना रंगीत पट्ट्या चिकटवणं, नवं वेळापत्रक आखणं हे सगळं अभ्यासासारखं दिसतं, त्यामुळे टाळाटाळीला तिथे उत्तम जागा मिळते.

वेळ घड्याळाला बांधू नका, एखाद्या घटनेला बांधा. "सकाळी ८ वाजता बसेन" पेक्षा "चहाचा कप मोरीत ठेवला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वही उघडेन" हे जास्त टिकतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलंय. "हे झालं की ते करेन" अशी बांधणी केली की आठवणीवर आणि इच्छाशक्तीवर कमी भार पडतो, समोरची खूणच आठवण करून देते. तुमच्यासारख्या घरी हे जास्त कामाचं, कारण पाहुणे आले की ८ चे ९ होतात, चहा मात्र होतोच.

पहिल्या आठवड्यात १० मिनिटं झाली की उठायचं. अजून बसावंसं वाटलं तरी उठायचं.

---

सरळसोट

खडूफळा, शेवटच्या मुद्द्याशी असहमत. महिनाभर अडलेल्या माणसाला आज लिहावंसं वाटतंय आणि तुम्ही उठवताय?

आणि मूळ सल्ल्यावरही शंका आहे. नव्या पद्धतीत मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. नऊ पेपर, १७५० गुण, वर मुलाखत २७५. रोज ५ प्रश्न सोडवून ही परीक्षा निघत नाही. परीक्षेची तारीख कोणाच्या मनःस्थितीसाठी थांबत नाही.

---

खडूफळा

@सरळसोट, आधी दुसऱ्या मुद्द्याचं. १० मिनिटं हा अभ्यास नव्हेच, ती सुरुवात आहे. हिशेब बघा. दर आठवड्याला दुप्पट केलं तर १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०. सहाव्या आठवड्यात रोजची ३२० मिनिटं, म्हणजे सव्वापाच तासांच्या वर. उलट पहिल्याच दिवशी १० तासांचं वेळापत्रक घेतलं की चौथ्या दिवशी शून्य, मग पुढचा सोमवार, मग पुढच्या महिन्याची १ तारीख. दीड महिना तसाही जातोच.

अट एवढीच: आठवड्यातले किमान ५ दिवस ठरलेला आकडा झाला तरच दुप्पट. ४ किंवा कमी झाले तर तोच आकडा आणखी एक आठवडा. ४० मिनिटांच्या पुढे ती एका बैठकीत घ्यायची नाहीत, छोट्या बैठकांत वाटायची. १६० म्हणजे ४०-४० च्या चार.

उठण्याबद्दल. पहिल्या दिवशी उत्साहात तीन तास बसलं की दुसऱ्या दिवशी मनात मोजपट्टी तीन तासांची होते, १० मिनिटं "काहीच नाही" वाटायला लागतात आणि खुर्चीकडे पाय वळत नाही. हा सापळा फार जणांना लागतो. फार ओढ वाटली तर तास-दोन तासांनी वेगळी बैठक करा, पण तिची खूण कुठेही करायची नाही. खूण फक्त त्या १० मिनिटांची.

---

दगडी_पूल

खुणेवरून सांगतो. अ‍ॅप नको, त्यासाठी फोन हातात घ्यावा लागतो. भिंतीवरचं कालनिर्णय बरं. दुधाचा हिशेब लिहितात तसा तारखेच्या चौकोनात पेनाने एक टिंब. किती मिनिटं, किती प्रश्न, काही लिहायचं नाही. झालं की टिंब, नाही झालं की चौकोन रिकामा. फुली मारू नका. फुल्यांची रांग दिसायला लागली की माणूस कॅलेंडरकडे बघायचं टाळतो.

"२१ दिवसांत सवय लागते" हे डोक्यातून काढून टाका. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलेल्या निरीक्षणातून आला. तेही शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान किती दिवस लागतात याबद्दलचं होतं. सवयीवर खरी मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एकच नवी सवय घ्यायची. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस, पण टोकं १८ आणि २५४ (२५४ हा आलेख पुढे वाढवून काढलेला, कारण मोजणीच ८४ दिवसांची होती). पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर बसली, व्यायामाला वेळ लागला. २२ व्या दिवशीही बसावंसं वाटलं नाही तर तुमच्यात काही खोट आहे असं होत नाही.

याच अभ्यासात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यावर विशेष फरक पडला नव्हता. आठवडा वाहून जातो तो चुकलेल्या दिवसामुळे नाही, दुसऱ्या दिवशी आपण जे करतो त्यामुळे. बहुतेक जण भरपाई करायला जातात. काल १० राहिली, आज २०. आजही राहिली, उद्या ३०. चार दिवसांत ते कर्ज होतं आणि कर्जाचं पुस्तक कोणी आपणहून उघडत नाही. त्यामुळे भरपाई बंद. हे आताच, डोकं शांत असताना, कागदावर लिहून ठेवा:

एक दिवस चुकला: दुसऱ्या दिवशी तीच १० मिनिटं, जास्त नाही.
सलग दोन दिवस चुकले: तिसऱ्या दिवशी २ मिनिटं, एकच प्रश्न, आणि टिंब.
एका आठवड्यात तीनदा चुकलं: जागा किंवा बसायची आठवण देणारी खूण (इथे चहाचा कप) चुकीची आहे, ती बदला. स्वतःला बोल लावत बसू नका.

त्या "आजचा दिवस गेलाच" ला एक वेगळी तोड आहे. साडेआठला उठलात तरी चहा होतोच ना? मग कप मोरीत, आणि खुर्ची. सवय कपाला बांधली आहे, पहाटेला नाही.

---

रात्रपाळी

वरचं सगळं बरोबर, पण उठण्याची वेळ कोणी घेतली नाही. साडेआठच्या जागी थेट पाच हे होणार नाही. शरीराचं घड्याळ इतकं सरकत नाही. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं मागे घ्या. ८:३०, मग ८:१५, मग ८. अडीच आठवड्यांत सात वाजतील आणि तेवढं पुरे. पहाटे पाचचा मान आहे, पण परीक्षा सकाळी दहाच्या पुढे असते. सातला उठून टिकणारी माणसं पाचला उठून दुपारी कोसळणाऱ्यांपेक्षा पुढे जातात.

झोपायची वेळ ठरवण्याच्या नादी लागू नका, ती हुकमावर येत नाही. उठायची वेळ पक्की धरा, रविवारीसुद्धा, फार तर अर्धा तास इकडेतिकडे. रात्रीची झोप आपोआप अलीकडे येते.

उठल्यावर तासाभरात गच्चीवर किंवा अंगणात १५-२० मिनिटं. ढगाळ असेल तर अर्धा तास. खिडकीच्या आत बसून चालत नाही. घरात ट्यूबलाइटखाली उजेड दोन-तीनशे लक्सच्या आसपास असतो, बाहेर ढगाळ आभाळाखालीही तो हजारांत असतो, आणि घड्याळ त्यावर जुळतं. तिथे झाडांना पाणी घाला, सडा घाला, काहीही करा. फक्त फोन वर नेऊ नका.

आता फोन. "कमी वापरेन" हा संकल्प निरुपयोगी, कारण हात फोनकडे विचार करून जात नाही. अंतर वाढवा. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, उशाशी नाही. गजरासाठी साधं घड्याळ घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. हे एकच केलं तरी रात्रीचा तास-दीड तास वाचतो आणि सकाळचा पहिला अर्धा तासही. १० मिनिटं मोजायला फोनचा टायमर वापरायचा नाही, नाहीतर दहाव्या मिनिटाला टायमर बंद करता करता टेलिग्राम उघडतं. भिंतीवरचं घड्याळ बघा.

टेलिग्रामचे ग्रुप सोडले तर काही चुकेल अशी धास्ती वाटते आणि माणूस परत जातो. म्हणून सोडू नका. सगळे म्यूट करा, अर्काइव्हमध्ये टाका, संध्याकाळी जेवणाआधी एकदा १५ मिनिटं बघा. कट-ऑफच्या अंदाजांचे ग्रुप मात्र खरंच सोडा. निकाल लागून गेल्यावर त्यात तुमच्या कामाचं काही उरत नाही.

---

शेंगदाणा_चिक्की

सवयी लावा, पण त्याआधी रक्त तपासून घ्या. वर्ष-दोन वर्षं मेसचा डबा खाल्लेल्यांत थकवा नुसता मनाचा असेलच असं नाही. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व, उपाशीपोटीची साखर. एवढं पुरतं. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर फेरिटिनही करा, कारण हिमोग्लोबिन ठीक असून लोहाचा साठा संपलेला असू शकतो. शाकाहारी असाल तर बी-१२ कमी निघण्याची शक्यता बरीच. फक्त एक काळजी घ्या. तपासणीआधी मेडिकलमधून बी-१२ च्या गोळ्या आणून सुरू करू नका. अहवालात आकडा चांगला दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते.

थायरॉइड कमी काम करत असेल तरी असंच होतं: झोप जास्त, सुस्ती, कशातच रस नाही. अशा वेळी कितीही टिंबं मारली तरी उपयोग होत नाही आणि वर "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हा ग्रह पक्का होतो. गोळी सुरू झाली की महिन्या-दीड महिन्यात फरक पडू लागतो.

चहाबद्दल थोडक्यात: कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. शेवटचा चहा दुपारी ४ ला.

---

कोरी_वही

सगळ्यांचे आभार. कपाची खूण जमतेय, फोन स्वयंपाकघरात गेलाय. तपासणीसाठी उद्या जाते.

अजून दोन गोष्टी. दुपारी जेवण झालं की दोन ते पाच काहीच होत नाही. झोपलं तर दोन तास जातात, न झोपलं तर डोळे मिटतात. आणि दुसरं, २० मिनिटांच्या आठवड्यात गेल्यावर नेमकं काय वाढवू? प्रश्न १० करू की वाचन घेऊ?

---

खडूफळा

वाचन अजून नको, लिहिणं घ्या. दुसऱ्या आठवड्यापासून दुसरी १० मिनिटं उत्तरलेखनाची. सामान्य अध्ययनाचा पेपर २५० गुणांचा, वेळ तीन तास. म्हणजे एका गुणाला पाऊण मिनिटाहूनही कमी, १० गुणांच्या उत्तराला सात मिनिटांच्या जरा वर. सात मिनिटं लिहा, तीन मिनिटं स्वतःचंच वाचून बघा.

इथे नेमकं काय बिघडतं ते सांगतो. "आधी विषय पूर्ण वाचते, मग उत्तर लिहायला घेते" असं प्रत्येकाला वाटतं, आणि विषय कधीच पूर्ण होत नाही. म्हणून उलट करा. ज्या विषयावर तुम्हाला आत्ता, पुस्तक न उघडता, चार वाक्यं येतात तोच प्रश्न घ्या. पंचायत राजची त्रिस्तरीय रचना, महाराष्ट्रातली कृष्णा-गोदावरी खोरी, जे येत असेल ते. पहिल्या आठवड्यात उत्तर चांगलं असण्याची अपेक्षाच ठेवू नका. ओळींमध्ये जागा सोडून लिहा. नंतर त्या विषयाचं वाचन होईल तेव्हा त्याच उत्तरात वेगळ्या शाईने भर घालता येते. कोऱ्या पानापेक्षा अर्धवट पानाकडे परत यायला सोपं जातं.

एक मोजमाप बदला. अभ्यासिकेत बरेच जण खुर्चीवरचे तास मोजतात. सकाळी आठ ते रात्री आठ बसले म्हणजे बारा तास. त्यात चहाच्या फेऱ्या, डुलक्या, शेजारच्याशी गप्पा, नुसतं पान उलटणं सगळं आलं. पेन चालू असलेली मिनिटंच मोजा. हा आकडा सुरुवातीला लाज वाटेल इतका छोटा निघतो, पण तो खरा असतो.

---

शेंगदाणा_चिक्की

दुपारचं माझ्याकडे. जेवणानंतर सुस्ती थोडी येणारच, ती शरीराच्या घड्याळातच आहे, भात नसला तरी येते. भात-पोळी दोन्ही पोटभर झालं की वाढते. दुपारी भात अर्धा करा, वरण वाढवा, सोबत मूठभर फुटाणे किंवा चालत असतील तर दोन अंडी. जेवल्यावर लगेच आडवं न होता अंगणातल्या अंगणात १० मिनिटं फेऱ्या.

झोप घ्या, पण २० मिनिटांची, आणि तीनच्या आत. दोन तास जातात कारण अर्ध्या-पाऊण तासानंतर गाढ झोप लागते आणि त्यातून उठलं की डोकं जड राहतं, ते उतरायला अजून अर्धा तास. गजराचं घड्याळ हाताच्या अंतरावर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पलंगावर न झोपता चटईवर झोपलात तर उठणं सोपं जातं. रात्री झोप लागायला त्रास होत असेल तर दुपारची अजिबात नको.

उठल्यावर तोंड धुऊन ज्या कामात हात आणि डोकं दोन्ही चालू राहतं ते घ्या. सीसॅटची (पूर्वचा दुसरा पेपर) ५ गणितं, किंवा नकाशा भरणं. हे काम झोप येऊ देत नाही. पुस्तक वाचायला घेतलंत तर तिसऱ्या ओळीला मान कलणार.

---

सरळसोट

सीसॅटच्या ५ वर सहमत. ८० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. पाचाला साडेसात. आता तो पेपर पात्रतेपुरता आहे, २०० पैकी ६६ गुण लागतात, म्हणून लोक शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात आणि त्यातच अडकतात. रोजच्या पाचाने हा धोका जातो, शिवाय उत्तर बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळतं. हुरूप यायला तेवढं पुरतं.

१० मिनिटांवरचा माझा आक्षेप मागे घेतो, दुप्पट-दुप्पटचा हिशेब पटला. पण एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही. कधी कधी हात लागत नाही याचं कारण परत द्यायची की नाही हेच ठरलेलं नसतं. अशा वेळी कुठलीच सवय नीट बसत नाही, कारण रोज सकाळी तोच वाद नव्याने सुरू होतो. त्यासाठी एक तारीख ठरवा, आजपासून सहा-आठ आठवड्यांपुढची. त्या दिवसापर्यंत "द्यायची का" हा प्रश्न बंद. त्या दिवशी एका पानावर लिहा: वयोमर्यादेला किती वर्षं उरली (खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३), महिन्याला खर्च किती आणि तो कोण करतंय, या काळात रोजची मिनिटं खरोखर किती झाली, दुसरं कुठलं काम किंवा परीक्षा याच अभ्यासावर जमते. निर्णय त्या पानावरून घ्या, निकालाच्या आठवड्यातल्या मनःस्थितीवरून नको.

घरच्यांनाही तीच तारीख सांगा. "मग काय ठरलं?" ला एकच वाक्य: "अमुक तारखेला सांगते, तोपर्यंत रोज चहानंतर मी खोलीत बसणार आहे." वाक्य रोज तेच ठेवा. आठवडाभरात प्रश्न विरळ होतो. "खोलीत बसणार" हा भाग मोठ्याने सांगणं महत्त्वाचं. मुलगी घरी आहे म्हणजे मोकळी आहे, हे गृहीत धरलं जातं. दाराची कडी लावा, १० मिनिटं कोणाचं काही अडत नाही. आणि घरकाम पूर्ण टाळू नका. नेमकं एक काम ठरवून घ्या, उदाहरणार्थ रात्रीच्या पोळ्या. ठरलेलं एक काम असलं की मधल्या हाका कमी होतात.

---

दगडी_पूल

तारखेची कल्पना चांगली. एका व्यक्तीची सोबतही घ्या, पण ग्रुप नको. परीक्षा देणारी एक मैत्रीण, दोनच साधे एसएमएस: "बसले" आणि "उठले". तास, पानं, गुण काही सांगायचं नाही. आकडे आले की दोन आठवड्यांत स्पर्धा सुरू होते, आणि जिचे कमी ती आधी उत्तर देणं बंद करते. एसएमएस सकाळी स्वयंपाकघरात उभं राहूनच पाठवा, फोन खोलीत न्यायला निमित्त नको.

---

रात्रपाळी

धागा वाचणाऱ्या इतरांसाठीही एक लिहितो, कारण वरच्या सगळ्या युक्त्या एका मर्यादेपर्यंतच चालतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज उदास वाटतंय, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीतही (गाणं, जेवण, मैत्रिणी) रस उरलेला नाही, झोप किंवा भूक पार बिघडलीय, आणि २ मिनिटांची पायरीही चढवत नाही, असं असेल तर तिथे सवयींच्या युक्त्या पुरत नाहीत. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. बेरीज १० किंवा वर आली तर डॉक्टरांना दाखवा. नवव्या प्रश्नाला (मरून जावंसं वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याशिवाय दुसरं काहीही उत्तर असेल तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी बोला. टेली-मानसचा क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं, ओळखपाळख लागत नाही.

निकालानंतर काही दिवस वाईट वाटणं वेगळं आणि हे वेगळं. फरक कळत नसेल तरीही फोन करायला हरकत नाही.

---

कोरी_वही

तारीख कॅलेंडरवर लिहून टाकली, घरात सांगितलंही. नवव्या प्रश्नाला शून्य आहे, काळजी नसावी.

शेवटचं विचारते. रोजचे ५ प्रश्न कुठून घेऊ? माझ्याकडच्या संचात उत्तरं चुकीची निघतायत आणि मग शोधाशोधीत १० मिनिटांची ४० होतात.

---

सरळसोट

संच बाजूला ठेवा. लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका दोन्ही आहेत. उत्तरतालिका दोनदा निघते, पहिली आणि हरकती आल्यानंतरची अंतिम. अंतिमच उतरवून घ्या, कारण मधे काही उत्तरं बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. पहिल्या तालिकेवर तपासलं की बरोबर आलेलं उत्तर चूक वाटतं आणि तिथूनच शोधाशोध सुरू होते.

प्रश्नपत्रिका छापताना कागदाच्या एकाच बाजूला छापा. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न असतात. कात्रीने ५-५ चे तुकडे केले की २० चिठ्ठ्या, म्हणजे एक पेपर २० दिवस पुरतो. उत्तरं चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने आधीच लिहून ठेवा, रद्द झालेल्या प्रश्नावर काट मारा. हे सगळं एका रविवारी दुपारी उरकतं, आणि त्या कामाचं टिंब मारायचं नाही :)

उत्तर चुकलं आणि का चुकलं ते कळलं नाही, तर प्रश्न क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर टाका आणि पुढे जा. अशा क्रमांकांसाठी शनिवारी वेगळी २० मिनिटं.